‘त्यांचेच लोक म्हणतात’ : अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर आमच्या गावच्या मंडळाच्या कमिटीला जाणार होतं. पण बे एरियातल्या आणि डॅलसच्या मैत्रिणींशी फोनवर बोलले तेव्हा कळलं की ती स्लाइड त्यांच्याकडेही पोचली आहे, रंगसुद्धा तेच. तेव्हा पत्र सगळ्यांनाच.

ज्यांनी स्लाइड पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. डावीकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस, झगा घातलेले. उजवीकडे अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल, चष्मा लावलेले. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही वंशावर आधारलेल्या सवलतींचे विरोधक. मध्ये ‘२९ जून २०२३’ ही तारीख, म्हणजे कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं तो दिवस, आणि खाली लाल अक्षरांत : ‘अमेरिकेला कळलं, भारताला कधी कळणार?’ आमच्याकडे ‘गुणवत्ता आणि आपण’ असा परिसंवाद होता. शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलेलं, मागच्या टेबलावर फॉइलखाली बटाटेवड्यांचे ट्रे, पुढे दीडशे माणसं. वक्त्यांनी स्लाइड लावली, दोन क्षण थांबले आणि म्हणाले, ‘मी नाही म्हणत. त्यांचेच लोक म्हणतात.’ टाळ्या पडल्या. मंडळाच्या व्यासपीठावर मंडलचा निकाल लागला.

मला त्या ‘च’बद्दल बोलायचं आहे.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. माहेर अकोल्याचं, वडील रेल्वेत कारकून. १९९४ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला तो अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे आत्ताच कळत असेल. एकोणीस वर्षं मंडळाची वर्गणी भरते आहे. दिवाळीच्या फराळाला चकल्या माझ्याकडे असतात. यंदा त्या किती उरतात ते बघायची उत्सुकता आहे.

तुम्हाला वाटेल, ही बाई आता म्हणणार की सोवेल आणि थॉमस यांची नावं घेऊ नका, ते गोऱ्यांचे हस्तक आहेत. असं म्हणणारे पुष्कळ आहेत, थॉमस यांना तर त्यांच्याच समाजातून गेली तीस-पस्तीस वर्षं याहून वाईट ऐकावं लागलं आहे. मला तसं वाटत नाही. माझी तक्रार अशी की तुम्ही त्यांची नावं घेता आणि त्यांना वाचत नाही.

सोवेल यांचंच घ्या. १९३० सालचा जन्म, नॉर्थ कॅरोलायनातला. जन्माआधीच वडील गेले, एका नातेवाईक बाईंनी वाढवलं. हार्लेममध्ये लहानाचे मोठे झाले, शाळा अर्धवट सुटली, मरीन दलात गेले, रात्रशाळा केली आणि मग हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो. तिशीपर्यंत पक्के मार्क्सवादी. साठच्या दशकात कॉर्नेलला शिकवत असताना त्यांनी पाहिलं की देशातल्या सरासरी विद्यार्थ्यांपेक्षा सरस असलेली कृष्णवर्णीय मुलं तिथे नापासाच्या उंबरठ्यावर आहेत. हीच मुलं दुसऱ्या चांगल्या कॉलेजात पहिल्या वर्गात आली असती, पण विद्यापीठाला आपला आकडा सजवायचा होता आणि त्यात मुलं भरडली गेली, असं त्यांचं म्हणणं. पुढे याला ‘मिसमॅच’ असं नाव पडलं. त्यावर वाद आहे. प्रिन्स्टन आणि हार्वर्डचे माजी अध्यक्ष बोवेन आणि बोक यांनी १९९८ मध्ये हजारो विद्यार्थ्यांची माहिती तपासून नेमकं उलटं मांडलं : जितकं नामांकित कॉलेज, तितकी कृष्णवर्णीय मुलं पदवी पूर्ण करण्याची शक्यता जास्त. पण सोवेल यांचा मुद्दा मुलांच्या काळजीतून आला होता हे विसरू नका. आपल्या कॅफेटेरियात ती काळजी मला दिसली नाही.

त्यांचा आवडता दाखला वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलचा. १८७० मध्ये सुरू झालेली, फक्त कृष्णवर्णीयांची शाळा. १८९९ साली शहरातल्या चार हायस्कूलांची एकच परीक्षा झाली, तेव्हा या शाळेने गोऱ्यांच्या तीनपैकी दोन शाळांना मागे टाकलं. गुलामी संपून तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षं झाली होती. सोवेल हे पुन्हा पुन्हा सांगतात, आणि सोबत दुसरा आकडा देतात : १९४० मध्ये ८७ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबं गरिबीत होती, १९६० मध्ये ४७ टक्के. म्हणजे ॲफर्मेटिव्ह ॲक्शन (भेदभाव सोसलेल्या गटांना प्रवेशात, नोकरीत झुकतं माप) हा शब्द या अर्थाने सरकारी कागदावर येण्याआधीच. आमच्या हिमतीचं श्रेय वॉशिंग्टनच्या बाबूंना देऊ नका, असा त्यांचा रोख असतो. ‘हे लोक कमीच असतात’ असं मनातल्या मनात मानणाऱ्या माणसाला सोवेल वापरताच येणार नाहीत. त्यांचं सगळं लिखाण त्या समजुतीविरुद्ध आहे.

आणि एक गंमत. २००४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी जगभरातल्या अशा धोरणांचा हिशोब मांडला आहे : मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया, अमेरिका. भारतावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात दलितांची आरक्षणं आहेत, तसे आसाम आणि तेलंगणातले स्थानिकांचे हक्क आहेत, आणि आपला महाराष्ट्रही आहे. मुंबईतल्या नोकऱ्या मराठी माणसालाच मिळाव्यात ही मागणी सोवेल यांच्या लेखी त्याच जातकुळीची आहे. आता मला सांगा, सत्तरच्या दशकात बँकेत, विमा कंपनीत, एअर इंडियात मराठी मुलांची भरती व्हावी म्हणून स्थानीय लोकाधिकार समितीने जे मोर्चे काढले, त्यांच्या जोरावर किती घरं दादर, पार्ले, ठाण्यात उभी राहिली? त्या घरांतली किती मुलं आज न्यू जर्सीत आहेत? स्लाइड करणाऱ्याने हे पान उलटलं नसावं.

आता थॉमस. त्यांच्याबद्दल लिहिताना मला जरा सावकाश जावं लागेल.

जॉर्जियातल्या पिन पॉइंट नावाच्या खाडीकाठच्या वस्तीत १९४८ मध्ये जन्म. बाप सोडून गेला. सवानात आजोबांनी वाढवलं. आजोबांना धड वाचता येत नव्हतं, घरोघर इंधनाचं तेल पोचवायचा धंदा होता आणि नातवांना सुट्टी ही गोष्ट माहीत नव्हती. मुलगा शिकत शिकत येलच्या लॉ स्कूलला पोचला. येलने तेव्हा अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवायचं धोरण घेतलं होतं, त्या काळात. १९७४ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्यावर मोठमोठ्या फर्मांत मुलाखती दिल्या आणि कोणी घेईना. समोरच्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न दिसायचा : हा खरा हुशार, की कोट्यातला? थॉमस यांनी सिगारच्या पाकिटावरचं पंधरा सेंटचं लेबल सोललं आणि येलच्या पदवीच्या चौकटीवर चिकटवलं. या कागदाची किंमत एवढीच, म्हणून.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवत होते. घास तसाच राहिला.

आमच्या कॉलेजात प्रवेशयादी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापून, काचेच्या फळ्यात लावत. कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्याही फाडलेल्या नसायच्या. अनुक्रमांक, नाव, टक्के आणि शेवटच्या रकान्यात प्रवर्ग. यादी लागल्यानंतर चार-पाच दिवसांनी कोणीतरी काच सरकवून शेवटच्या रकान्यातल्या प्रत्येक ‘एससी’भोवती निळ्या बॉलपेनाने गोल काढले. इतके नीट गोल की मला वाटलं नाण्याभोवती काढले असावेत. मुलांना ‘सरकारचे जावई’ म्हणत. मुलींसाठी वेगळा शब्द शोधायची तसदी कोणी घेतली नव्हती. चार वर्षं मी पहिल्या बाकावर बसले, शेवटच्या वर्षी शाखेत तिसरी आले, आणि तरी निकालाच्या दिवशी एक मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, ‘तुला तर काय, टेन्शनच नाही.’ थॉमस यांचं लेबल मला माहीत आहे. माझ्या चौकटीवर ते दुसऱ्यांनी लावलं होतं, एवढाच फरक.

म्हणून ते जेव्हा लिहितात की अशा धोरणाने आमच्या प्रत्येक यशावर शंकेचा शिक्का बसतो, तेव्हा मी हसत नाही. २००३ च्या मिशिगन विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टाने प्रवेशात वंश बघायला मुभा दिली, तेव्हा त्यांनी विरोधी मत दिलं. त्याची सुरुवात गुलामीविरोधी लढ्यातले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या १८६५ च्या भाषणाने केली : आमच्यासाठी काही करू नका, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. भाषण जबरदस्त आहे. मात्र त्याच भाषणात डग्लस यांची मुख्य मागणी मताच्या हक्काची होती, ताबडतोब आणि बिनशर्त. म्हणजे कात्री थॉमस यांनीही चालवली. तुम्ही थॉमस यांच्यावर चालवलीत. अशाने शेवटी लाल अक्षरंच उरतात.

शंकेच्या शिक्क्यावरून आठवलं. शेल्बी स्टील हे कृष्णवर्णीय उजव्यांमधलं आणखी एक मोठं नाव. सवलतीमुळे गोऱ्यांना आपली अपराधी भावना धुवायला मिळते आणि काळ्यांच्या वाट्याला न्यूनगंड येतो, असं ते १९९० पासून मांडत आले आहेत. त्यांचा जुळा भाऊ क्लॉड स्टील मानसशास्त्रज्ञ. त्याने १९९५ मध्ये प्रयोग करून दाखवलं की हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘ही बुद्धीची परीक्षा आहे’ एवढं नुसतं सांगितलं तरी त्यांचे मार्क घसरतात, कारण ‘आपल्याबद्दल जे बोललं जातं ते खरं ठरेल’ ही धास्ती हातापायांत शिरते. तोच पेपर ‘ही परीक्षा नाही’ म्हणून दिला की दरी आक्रसते. एका पोटचे, एकाच दिवशी जन्मलेले, शिकागोजवळच्या एकाच घरात वाढलेले दोघे. दोघांनाही दुखतंय ते एकाच जागी. एक म्हणतो कुबडीमुळे, दुसरा म्हणतो लोकांच्या नजरेमुळे.

स्लाइडवर कोणता भाऊ घ्यायचा?

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे साउथ कॅरोलायनाचे, पोस्टात एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटून निवृत्त झालेले, कृष्णवर्णीय. रेगनच्या पहिल्या निवडणुकीपासून रिपब्लिकन. बायको हयात होती तोवर डेमोक्रॅट होती, आणि दर चार वर्षांनी नोव्हेंबरात दोघं आठवडाभर वेगवेगळ्या खोल्यांत टीव्ही बघत. आम्ही राहायला आलो त्या उन्हाळ्यात त्यांनी कुंपणावरून कॉलर्ड नावाची पालेभाजी दिली. मी ती लसणीची फोडणी आणि दाण्याचं कूट घालून केली आणि वाटीभर परत पाठवली. तेव्हापासून येणं-जाणं. त्यांच्याकडे बुटांचा एक खोका आहे, त्यात वर्तमानपत्रातली सोवेल यांच्या स्तंभांची कात्रणं. पिवळी पडलेली, काहींवर पेन्सिलीने ‘बरोबर’, एका-दोनांवर ‘छे’.

२०२३ चा निकाल आला त्या संध्याकाळी ते झाडांना पाणी घालत होते. मी विचारलं, काय वाटतं? म्हणाले, बरं झालं. मग पाइप बंद करून पायरीवर बसले आणि सांगू लागले. पोस्टाची परीक्षा त्यांनी दोनदा दिली होती, दुसऱ्यांदा चौऱ्याण्णव मार्क. पेपर तपासणाऱ्याला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हे त्यांना अजून आवडतं. रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात टपाल वर्गवारीच्या टेबलावर एक गोरा सहकारी दुसऱ्याला, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, ‘कोट्यातला आलाय.’ चौऱ्याण्णव मार्क खिशात होते. दाखवले नाहीत. ‘म्हणून म्हणतो, ती पद्धतच गेली पाहिजे,’ ते म्हणाले, ‘त्यांना बोलायला निमित्तच राहता कामा नये.’

मी त्याच गोष्टीतून नेमकं उलटं काढते. परीक्षेतून आलेल्या माणसालाही ते ‘कोट्यातला’ म्हणाले, म्हणजे कोट्याशी त्याचा संबंध नव्हता. माझ्या आजोबांच्या काळात कुठली राखीव जागा नव्हती, तरी ते शाळेत दाराबाहेर बसत. निमित्त नसलं तर शोधतील. यावर आम्ही दोघं चार उन्हाळे भांडतो आहोत आणि एकही इंच कोणी सरकलेलं नाही. भांडण झालं की ते टोमॅटो देतात.

पण परिसंवादाची गोष्ट सांगितली तेव्हा ते वेगळेच वागले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, त्यांच्या सोवेलना मराठी मंडळींत टाळ्या मिळाल्या. त्यांनी विचारलं, ‘त्या हॉलमध्ये माझ्या समाजाचं कोणी होतं?’ नव्हतं. ‘मग ते माझं नाव घेऊन कोणाला सांगत होते?’ मी म्हटलं, मला. तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझी जात सांगितली.

हे तुम्ही समजून घ्यावं म्हणून एवढं लांबण लावलं. कृष्णवर्णीय उजव्यांचा वाद घरातला आहे. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८९५ मध्ये अटलांटात सांगितलं, आधी हाताला हुन्नर, मग हक्क. कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांनी पुढे त्यांना झोडपलं. हे भांडण तिथून चालत आलं आहे. याच ड्यु बॉइसना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. अशा भांडणात कोणी ‘आपणच स्वतःला सावरलं पाहिजे’ म्हणतो तेव्हा तो ‘आपण’ म्हणतो. बाहेरच्याने तेच वाक्य उचललं की त्यातला ‘आपण’ गळतो आणि ‘त्यांनी’ येतो. वाक्य तेच राहत नाही.

शिवाय ‘त्यांचे लोक’ म्हणजे कोण? २०२३ च्या निकालाच्या आधी जनमत चाचण्या घेणाऱ्या प्यू संस्थेने विचारलं तेव्हा प्रवेशात वंशाचा विचार व्हावा असं ४७ टक्के कृष्णवर्णीय म्हणाले आणि २९ टक्क्यांचा विरोध होता. २९ टक्के म्हणजे थोडेथोडके नव्हेत, डाव्यांनी हे लक्षात ठेवावं. पण ४७ सुद्धा तेच लोक आहेत. आणि इतिहासाची खोड बघा : ठेकेदारांना कृष्णवर्णीय कामगार घ्यायला लावणारी निक्सनच्या काळातली फिलाडेल्फिया योजना, १९६९ ची, राबवणारे आर्थर फ्लेचर कृष्णवर्णीय होते आणि रिपब्लिकन होते. ॲफर्मेटिव्ह ॲक्शनचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुढे त्यांचाच पक्ष विरोधात गेला. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये ‘प्रपोझिशन २०९’ हे सार्वमत लढवून ही पद्धत बंद पाडली ती वॉर्ड कॉनर्ली यांनी, तेही कृष्णवर्णीय. घालणारा आणि काढणारा दोघेही ‘त्यांचेच’.

आता त्या लाल अक्षरांकडे. अमेरिकेला काय कळलं म्हणे?

२०२३ मध्ये अमेरिकेत आरक्षण नव्हतंच. १९७८ पासून तर कायद्यानेच नव्हतं. डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने शंभरातल्या सोळा जागा बाजूला ठेवल्या होत्या, ॲलन बॅकी नावाच्या गोऱ्या उमेदवाराने दावा लावला आणि कोर्टाने राखीव जागा रद्द केल्या. उरलं ते एवढंच की ‘वर्गात विविधता असावी’ म्हणून अर्जातल्या इतर वीस गोष्टींबरोबर वंशही बघायला हरकत नाही. गुलामीची, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या जिम क्रो कायद्यांची भरपाई हे कारण कोर्टाने तेव्हाच मोडीत काढलं. २००३ मध्ये त्या मिशिगनच्याच खटल्यात न्यायमूर्ती ओकॉनर म्हणाल्या, आणखी पंचवीस वर्षांत याची गरज उरू नये. वीस वर्षांतच गाशा गुंडाळला. याउलट आपली तरतूद घटनेत आहे, तिचं कारण विविधता नसून अस्पृश्यता आहे, आणि जागा मोजून आहेत. (जाता जाता : घटनेतली दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना होती, शिक्षण आणि नोकरीला नव्हती. हे दर सहा महिन्यांनी ग्रुपवर टाकते, दर सहा महिन्यांनी पुन्हा तोच फॉरवर्ड येतो.) दोन्हींना एका स्लाइडवर बसवणं म्हणजे दोघांनाही ताप आहे म्हणून मलेरियाची गोळी टायफॉइडच्या पेशंटला देणं.

दुसरं म्हणजे हा निकाल आपल्या मुलांच्या नावाने लागला. हार्वर्डविरुद्धच्या दाव्यात पुढे केलेले विद्यार्थी आशियाई होते, खटला रचणारे एडवर्ड ब्लम गोरे. आणि आशियाई मुलांची तक्रार पोकळ नव्हती. अभ्यासात सर्वांत वरच्या दहा टक्क्यांतल्या आशियाई अर्जदाराला प्रवेशाची शक्यता १२.७ टक्के, आणि खालून चौथ्या दशमांशातल्या कृष्णवर्णीय अर्जदाराला १२.८, हा आकडा निकालपत्रातच आहे. ‘व्यक्तिमत्त्वा’च्या गुणांत आशियाई मुलं का कोण जाणे कायम मागे पडत. आपल्या मुलांच्या पालकांना राग आला, बरोबर आहे, मलाही येतो. माझी मुलगी अकरावीत आहे.

पण त्याच खटल्यातून दुसरा आकडा बाहेर आला, तो स्लाइडवर नाही. हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त हे खेळाडू म्हणून घेतलेले, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं, नाही तर देणगीदार वगैरेंच्या खास यादीतले होते. कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो यांच्यात हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. वडिलोपार्जित प्रवेशाला थॉमस यांनीही २००३ मध्ये अशोभनीय म्हटलं होतं, फक्त घटना त्याला आडवी येत नाही असं त्यांचं मत. हा वतनदारी कोटा कोर्टाने हात न लावता ठेवला. त्यावर परिसंवाद कधी?

निकालानंतर पहिल्याच वर्षी एमआयटीत नव्या वर्गातले कृष्णवर्णीय १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, ॲमहर्स्टमध्ये ११ वरून ३ वर. हार्वर्डमध्ये १८ वरून १४. येलमध्ये फरक पडला नाही, उलट आशियाई मुलं तिथे ३० वरून २४ वर घसरली, तेव्हा आपल्याकडच्या आनंदाला जरा विरजण लागलं. कॅलिफोर्नियात हे आधीच घडून गेलं होतं. २००६ साली लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात जवळपास पाच हजारांच्या वर्गात कृष्णवर्णीय जेमतेम शंभर होते. ‘प्रपोझिशन २०९’ नंतर गरीब शाळांत जाऊन मुलं शोधणं, तयारी करून घेणं यावर तिथल्या विद्यापीठांनी पन्नास कोटी डॉलरहून जास्त ओतले. कृष्णवर्णीय उजवे म्हणतील, बघा, हेच तर सांगत होतो, शाळेपासून सुरुवात करा. मान्य. फुकट होत नाही एवढंच.

निकालाच्या दिवशी त्याच बाकावर दुसऱ्या कृष्णवर्णीय न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन होत्या. त्यांचं मत आणि थॉमस यांचं मत एकमेकांना नाव घेऊन उत्तर देतात. त्या म्हणतात, कायद्यात रंग दिसेनासा केला म्हणून आयुष्यातला जात नाही. ते म्हणतात, माणसाला जन्मभर त्याच्या वंशाच्या खुंटीला टांगून ठेवू नका. दोन्ही मिळून शंभरेक पानं होतील. मुलांना वाचायला द्या, वादविवाद स्पर्धेला उपयोग होईल.

ऋणाची गोष्ट मी थोडक्यात आटोपते, ती तुम्हाला माहीत आहे, फक्त आठवत नाही. १९२३ मध्ये याच कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. आपल्याला दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला तो नागरी हक्कांच्या लढ्याने देश ढवळून काढला म्हणून. त्या लढ्यात पोलिसांची कुत्री अंगावर घेतली ती दुसऱ्यांनी. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केली ते शाळेत शिकला असाल. आणि तरी आपल्या घरांत त्या समाजासाठी जो शब्द वापरतात तो मी इथे लिहीत नाही. मुलांसमोरही वापरता, मी ऐकलं आहे.

आता माझ्या बाजूची अडचण. ती लपवली तर पत्र अर्धवट राहील.

शेजारच्या काकांनी जात ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारला : ‘तुला जागा मिळाली, चांगलं झालं. आता तुझ्या मुलीला?’ म्हटलं, ती इथे वाढली, तिचा प्रश्न नाही. ‘तुझ्या भावाच्या मुलाला?’ माझा भाऊ वर्ग एकचा अधिकारी आहे. नागपुरात बंगला, मुलगा महागड्या शाळेत, क्लासची फी ऐकून मला घाम फुटला होता. तो यंदा राखीव जागेवर मेडिकलला गेला. काकांनी काही न बोलता खोक्यातलं एक कात्रण काढलं : अशा सवलतींचा लाभ गटातल्या आधीच वर आलेल्यांना मिळतो, असं सोवेल यांचं म्हणणं. त्यावर पेन्सिलीने ‘बरोबर’ लिहिलेलं. मी त्यांना सांगितलं की वर्ग एकच्या अधिकाऱ्यालाही आमच्याकडे भाड्याचं घर मिळताना आडनाव विचारतात. ते खरं आहे. पण माझ्या पुतण्याची जागा अकोल्याच्या झोपडपट्टीतल्या कोणा मुलीला जायला हवी होती का, याचं उत्तर त्यात नाही, हे बोलतानाच मला कळत होतं.

आणि हे बोलणारे आमच्यातही आहेत. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करायला परवानगी दिली, तेव्हा त्या जातींतही क्रीमी लेअर, म्हणजे आधीच वर आलेला थर, शोधून बाजूला काढावी असं लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आमच्याच अमरावतीचे, आमच्याच समाजाचे. पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांच्यावर आमच्या घरात दोन रविवार भांडण झालं, वहिनी फोन ठेवून गेली. होऊ दे. ते आमचं भांडण आहे आणि आम्ही ते करणार. उद्या गवईसाहेबांचा फोटो थॉमस यांच्या शेजारी चिकटून स्लाइड आली, तर मात्र मी हॉलमध्ये उभी राहीन. या वेळी गप्प बसले, याचं वाईट वाटतंय.

कमिटीला एक विनंती आहे. पुढच्या परिसंवादाला शेजारच्या काकांना बोलवा. मी विचारलं आहे, ते यायला तयार आहेत, आणि बोलतील ते मला पटणार नाही असंच बोलतील. दोन अटी आहेत. रविवारी सकाळी चर्चच्या वेळेत कार्यक्रम नको. आणि त्यांचं बोलून झाल्यावर तुम्ही जसे प्रश्न विचाराल तसे तेही तुम्हाला विचारणार. पहिला प्रश्न त्यांनी मला आधीच सांगून ठेवला आहे : ‘इथे दीडशे माणसं आहेत. निळ्या गोलातली ही एकच कशी?’

तयारीला वेळ मिळावा म्हणून कळवते. वडे त्यांना चालतात, तिखट बेताचं.

आपली,
एक सभासद
(यंदाची वर्गणी भरलेली)